मिणमिणत्या पडद्याची नाडीपरीक्षा

जुना संगणक ठार बंद पडला तर वाट सरळ असते. काहीच दिसत नाही, म्हणून माणूस वीजपुरवठ्यापासून शोधायला लागतो. पडदा मिणमिणता झाला की मात्र फसगत होते. अक्षरं दिसतात, काम होतं, फक्त खोलीतला दिवा मालवावा लागतो. मग ब्राइटनेसचा नॉब आज थोडा पुढे, काही दिवसांनी आणखी थोडा, आणि एकदा तो टोकाला टेकतो. तिथून पुढचा मोह आतला असतो. झाकण उघडायचं, स्क्रीन ग्रिडचा किंवा कट-ऑफचा प्रीसेट, म्हणजे पडद्याचा मूळ उजेड ठरवणारा आतला छोटा स्क्रू, फिरवून पडदा झळझळीत करायचा आणि झाकण लावून टाकायचं. हे करू नये, निदान सगळ्यात आधी तरी करू नये.

कारण पडद्यामागच्या काचेच्या चित्रनळीच्या (सीआरटी) मानेत दडलेलं आहे. तिथे निकेलच्या इवल्याशा टोपीवर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो. हा कॅथोड. हीटर त्याला साधारण 800 अंश सेल्सियसपर्यंत तापवतो, लेपातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि पुढे जाऊन पडद्याच्या आतल्या फॉस्फरवर, म्हणजे चमकणाऱ्या थरावर, आदळतात. आपल्याला दिसणारा उजेड तो हा. लेप म्हणजे मुद्दल आहे, रोज थोडं खर्च होणारं. खरा दोष एखाद्या बिघडलेल्या रेझिस्टरमध्ये असताना आपण प्रीसेट फिरवून पडदा उजळला, तर दोष झाकला जातो. पुढे तो रेझिस्टर बदलला की वाढवलेला प्रीसेट नळीतून गरजेपेक्षा जास्त प्रवाह ओढत राहतो. आणि कॅथोडच थकलेला असेल तर त्याला पिळून काढण्याने तो लवकर संपतो. रेझिस्टर आजही मिळतो. नऊ इंची काळीपांढरी नळी मिळवायची तर दुसऱ्या एखाद्या यंत्रातूनच काढावी लागते. म्हणून आधी निदान, मग पेचकस.

सुरुवात बाहेरून करायची, आणि ती संगणक बंद असताना. पडद्याच्या काचेमागे हजारो व्होल्ट असल्यामुळे ती वर्षानुवर्षं धूळ आणि धूर ओढून घेते. पिवळट थर इतका सारखा बसतो की तो नजरेला जाणवतच नाही. मऊ सुती फडकं डिस्टिल्ड पाण्यात ओलं करून घट्ट पिळायचं, त्यावर भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब घ्यायचा आणि एका कोपऱ्यात पुसून बघायचं. कोपरा आणि मध्य यांतला फरक डोळ्यांत भरला तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं. अमोनिया असलेला काचेचा द्रव वापरू नये, चकाकी रोखणारा लेप त्याने खराब होतो. काही हिरव्या मॉनिटरांवर काचेपुढे बारीक काळी नायलॉनची जाळी ताणलेली असते. तिच्या भोकांत धूळ बसली की उजेड घुसमटतो. ही जाळी घासायची नाही. चौकटीसकट काढता आली तर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून, निथळून, सावलीत वाळवायची.

बंद पडद्यावर तिरका टॉर्च मारून आणखी दोन गोष्टी बघता येतात. एक म्हणजे जळका डाग. वर्षानुवर्षं एकच मेनू दाखवलेल्या पडद्यावर त्या मेनूची तपकिरी सावली कायमची उमटलेली असते. तेवढ्या जागेचा फॉस्फर संपलेला असतो आणि त्यावर इलाज नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पडद्याचा मोतीबिंदू. व्हीटी-100सारख्या जुन्या टर्मिनलांच्या (मोठ्या संगणकाला जोडायच्या पडदा-कळफलकांच्या) नळीपुढे सुरक्षेसाठी आणखी एक काच चिकटवलेली असते. या दोन काचांमधला पारदर्शक थर कडेपासून पांढुरका, बुरशी आल्यासारखा होत जातो. नळी आतून ठणठणीत असते, उजेड मध्येच अडतो. थर ऊब देऊन मऊ करायचा, बारीक तारेने कडेकडेने कापत पुढची काच सोडवायची, दोन्ही काचा साफ करून ती पुन्हा घट्ट बसवायची. ही पुढची काच नळी फुटली तर तुकडे अंगावर येऊ नयेत म्हणून असते. तिच्याशिवाय यंत्र चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. कामही चेहऱ्यावर पूर्ण मास्क आणि जाड हातमोजे घालूनच करायचं, आणि घाई असलेल्या दिवशी हातातच घ्यायचं नाही.

ब्राइटनेसचा नॉब स्वतःही गुन्हेगार असू शकतो. नॉब फिरवताना उजेड गुळगुळीत न बदलता उड्या मारत असेल तर नॉबमागच्या पोटेन्शिओमीटरच्या (फिरवून बदलायच्या रेझिस्टरच्या) कार्बन पट्टीवर मळ आहे. संगणक बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा द्यायचा, नॉब वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा, पूर्ण सुकू द्यायचा. ॲपलच्या मॅकिंटॉश प्लसला हा नॉब पुढच्या बाजूला, खाली डावीकडे असतो. 1990च्या मॅकिंटॉश क्लासिकला नॉबच नाही, तिथे ब्राइटनेस सॉफ्टवेअरमधल्या कंट्रोल पॅनेलमधून बदलतो. असं यंत्र उघडण्याआधी ते पॅनेल एकदा बघणं हाच पहिला उपाय.

इथपर्यंत काही सापडलं नाही तर खोलीत अंधार करायचा. आता बघायचं ते चित्र नव्हे, चित्रामागची जमीन. ब्राइटनेस पूर्ण वाढवल्यावर अक्षरांमागे राखाडी आडव्या रेघांचा पट्टा, म्हणजे रास्टर, उजळून दिसतो का? तो भरपूर उजळ असेल आणि अक्षरं तरीही त्यातून नीट उठून दिसत नसतील, तर नळी आणि तिचे व्होल्टेज बहुधा ठीक आहेत. दोष चित्राचा सिग्नल वाढवणाऱ्या भागात, कॉन्ट्रास्टच्या नॉबमध्ये किंवा केबलमध्ये शोधायचा. रास्टरच अंधूक असेल, किंवा अजिबात दिसत नसेल, तर चौकशी नळीकडे आणि तिला पोसणाऱ्या व्होल्टेजकडे वळते.

यानंतर हातात घ्यायचं हत्यार म्हणजे साधी मोजपट्टी. मला या सगळ्या तपासणीत हीच पायरी सर्वांत सुंदर वाटते, कारण यंत्र न उघडता ती आतलं सांगते. मॅकिंटॉश प्लस किंवा एसईच्या पडद्यावर 512 बाय 342 ठिपके असतात आणि इंचाला 72 ठिपके धरले आहेत. म्हणजे चित्र बरोबर लावलेलं असेल तर ते साधारण 180 मिलिमीटर रुंद आणि 121 मिलिमीटर उंच भरतं. आता समजा नळीच्या ॲनोडचं, म्हणजे इलेक्ट्रॉनांना पडद्याकडे खेचणाऱ्या टोकाचं, व्होल्टेज 10 टक्क्यांनी घसरलं. इलेक्ट्रॉन मंदावतात, मंद इलेक्ट्रॉनांना चुंबकक्षेत्र जास्त वळवतं, आणि चित्र 5 टक्क्यांच्या थोडं वर फुगतं. 180चे जवळपास 190 होतात. म्हणजे मंद आणि फुगलेलं चित्र हे फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर (ॲनोडचे हजारो व्होल्ट तयार करणारा भाग) किंवा त्याच्या उच्च दाबाच्या भागाकडे बोट दाखवतं. ब्राइटनेस वाढवताना चित्र फुगत जात असेल तर संशय आणखी पक्का. उलट, आडव्या स्कॅनला, म्हणजे किरण डावीकडून उजवीकडे फिरवणाऱ्या भागाला, पोसणारा मूळ पुरवठाच 10 टक्के पडला असेल, तर वळवणारा प्रवाह आणि ॲनोड व्होल्टेज दोन्ही घटतात, आणि रुंदी 171 मिलिमीटरच्या आसपास उतरते. म्हणजे मंद आणि आक्रसलेलं चित्र वीजपुरवठ्याचं. मंद पण मापाने अचूक असेल तर फ्लायबॅकला आणि पुरवठ्याला तूर्त मोकळं सोडायचं आणि हीटर, ग्रिड, कॅथोड यांच्याकडे वळायचं. मात्र कुणीतरी आधीच चित्राची रुंदी ठरवणारी कॉइल फिरवून ठेवलेली असू शकते, तेवढं भान ठेवावं.

तिसरी गोष्ट वेळेने कळते. थंड यंत्र चालू करून पहिल्या मिनिटाला, पाचव्या मिनिटाला आणि विसाव्या मिनिटाला पडदा बघायचा. थकलेला कॅथोड तापत जाईल तसा उजळतो. त्याची आणखी एक खूण आहे, ती एकदा ओळखता आली की विसरत नाही. उजळ भाग चंदेरी, सपाट दिसतात, कडा पसरतात आणि ब्राइटनेस वाढवला की अक्षरं स्पष्ट होण्याऐवजी फुलतात. याच्या उलट, सुरुवातीला ठीक असलेला पडदा तापल्यावर मंदावत असेल तर दोष बहुधा सर्किटमधला, गरम झाल्यावर सरकणारा एखादा भाग किंवा तडकलेला सांधा.

आता झाकण. त्याआधी दोन वाक्यं मनापासून. यंत्राचा विजेचा प्लग काढल्यावरही नळीचा ॲनोड भार धरून ठेवतो. नऊ इंची काळ्यापांढऱ्या नळीत चालताना सुमारे 12 हजार व्होल्ट असतात, मोठ्या रंगीत नळीत 25 हजारांच्या घरात. पुरवठ्याच्या मुख्य कपॅसिटरमध्येही (भार साठवणाऱ्या भागात) काहीशे व्होल्ट उरलेले असू शकतात.

लांब, चपट्या, इन्सुलेटेड दांड्याच्या पेचकसाला तार बांधायची, तारेचं दुसरं टोक नळीभोवतीच्या धातूच्या वेणीला किंवा चौकटीला क्लिप करायचं, लॉजिक बोर्डाच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य बोर्डाच्या, ग्राउंडला कधीही नाही. एक हात पाठीमागे ठेवून पेचकसाचं टोक ॲनोडच्या रबरी टोपीखाली सरकवायचं. कधी चट् असा आवाज येतो, कधी काहीच नाही. पाच मिनिटांनी पुन्हा तेच करायचं, कारण काचेत मुरलेला भार हळूहळू परत वर येतो. मानेवरचा छोटा बोर्ड सरळ मागे ओढायचा, हलवून-वाकवून नाही. मानेची काच सगळ्यात नाजूक असते, आणि तिला केसाएवढी चीर पडली तरी हवा आत शिरून नळी मरते.

पहिला संशय नेहमी सांध्यांवर घ्यावा. फ्लायबॅकच्या पाया आणि वळण-कॉइलच्या कनेक्टरच्या पिना रोज तापतात, रोज थंड होतात. भिंग घेऊन बघितलं तर पिनेभोवती बारीक वर्तुळाकार तडा दिसतो. मॅकिंटॉश प्लसच्या ॲनालॉग बोर्डावर, म्हणजे वीजपुरवठा आणि पडदा सांभाळणाऱ्या बोर्डावर, हा आजार इतका ठरलेला आहे की तडा दिसो न दिसो, ते सांधे नव्याने डागावेत. जुनं सोल्डर शोषून काढायचं, फ्लक्स लावायचं आणि 60-40चं नवं सोल्डर भरायचं. जुन्यावर नुसता गरम टाका मारला तर तो काही महिन्यांत पुन्हा तडकतो. प्लसचे 5 व्होल्ट मागच्या फ्लॉपी पोर्टवर झाकण न उघडताही मोजता येतात. ते 4.9 ते 5.1च्या बाहेर असतील तर आधी तेच जागेवर आणावेत.

मग हीटर. बहुतेक रंगीत नळ्यांचा हीटर 6.3 व्होल्टचा असतो, अनेक छोट्या काळ्यापांढऱ्या नळ्यांचा 12 व्होल्टचा. हा पुरवठा सरळ डीसी असेल तर मीटर खरं बोलतो. तो फ्लायबॅकच्या वेटोळ्यातून येत असेल तर सेकंदाला पंधरा हजारांहून जास्त टोकदार झटके असतात, आणि साधा मल्टिमीटर त्यांचं चुकीचं माप दाखवतो. त्या आकड्यावर विसंबून काही बदलू नये. हीटरचा एक दोष मात्र अगदी साधा असतो: सॉकेटची गंजलेली पिन. 6.3 व्होल्टला 0.6 अँपिअर घेणाऱ्या हीटरचा तापलेला अवरोध साडेदहा ओहम भरतो. गंजाने वाटेत फक्त 1 ओहम घातला तरी हीटरला 5.75 व्होल्टच मिळतात. कॅथोड अर्धवट तापतो आणि नळी म्हातारी झाल्यासारखी वागते. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सॉकेटची पकड घट्ट करणं, एवढ्यावर काही नळ्या पुन्हा तरुण झाल्यासारख्या वाटतात.

सगळ्यात जास्त चकवणारी जागा स्क्रीन ग्रिडची, म्हणजे कॅथोडमधून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांना पुढे ओढणाऱ्या भागाची. इथे काहीशे व्होल्ट असतात, पण ते काही मेगाओहमच्या रेझिस्टरमधून येतात आणि प्रवाह नगण्य असतो. मूळ व्होल्टेज 400 आणि मालिकेतला रेझिस्टर 2.2 मेगाओहम असेल, तर 10 मेगाओहमचा साधा डिजिटल मीटर लावताच वाचन 328वर येतं. मीटरनेच ते खाली ओढलेलं असतं. हे माहीत नसलं तर माणूस चांगला भाग काढून टाकतो. म्हणून मीटर लावल्यावर पडदा आणखी मंदावतो का, ते बघायचं. मंदावला तर मापात मीटरचा वाटा आहे असं समजून हिशोब करायचा, किंवा 1000 मेगाओहमचा उच्च दाबाचा प्रोब वापरायचा.

या साखळीतले मोठ्या मूल्याचे कार्बन रेझिस्टर वयाने वर चढतात. 1 मेगाओहमचा दीड-दोन होतो आणि ग्रिड उपाशी राहते. त्यांची परीक्षा सोपी आहे. यंत्र बंद, कपॅसिटर रिकामे, रेझिस्टर बोर्डावरच. समांतर वाटांमुळे वाचन खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतं, जास्त येऊ शकत नाही. म्हणून बोर्डावर असतानाच ते छापील मूल्यापेक्षा सहनमर्यादेबाहेर जास्त आलं, तर भाग खराब, शंका नको. कमी आलं तर एक पाय सोडवून पुन्हा मोजायचं. ग्रिडपासून ग्राउंडला जाणारा सिरॅमिक कपॅसिटर गळत असेल तर तोही व्होल्टेज खाली ओढतो. त्याचा एक पाय सोडवून यंत्र क्षणभर चालवलं आणि पडदा उजळला, तर चोर सापडला. नव्या कपॅसिटरचं व्होल्टेज मूळच्याइतकं किंवा जास्त असावं. रेझिस्टर बदलताना त्याची व्होल्टेज सहन करायची क्षमताही बघावी. पाव वॅटच्या छोट्या रेझिस्टरला ती बहुधा 250 व्होल्टच असते, आणि हीच चूक दुरुस्तीनंतर सहा महिन्यांनी उगवते.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांची खूण पडद्यावरच उमटते. उजेड डावीकडून उजवीकडे उतरत असेल तर आडव्या गतीचा तरंग गाळणारा, म्हणजे बहुधा व्हिडिओच्या पुरवठ्यातला कपॅसिटर वाळला आहे. वरून खाली छटा बदलत असेल तर उभ्या गतीचा किंवा मुख्य पुरवठ्याचा. फ्लायबॅकला खेटून बसलेले आधी बदलावेत, मूल्य तेच आणि 105 अंश सेल्सियस सहन करणारे.

रंगीत नळीत तीन कॅथोड असतात आणि क्वचितच तिघं एकत्र थकतात. लाल दुबळा झाला तर पांढऱ्याला निळसर-हिरवी झाक येते, निळा दुबळा झाला तर पिवळी. यंत्र बंद करून दोन कॅथोडांच्या सिग्नलच्या तारा आपापसांत बदलायच्या. तरीही तोच रंग दुबळा राहिला तर नळी, दुबळेपणा तारेबरोबर गेला तर सर्किट.

आणि सगळं तपासून दोष नळीतच निघाला तर? बरीच वर्षं पडून असलेल्या नळीला आधी काही तास साध्या हीटर व्होल्टेजवर, मध्यम उजेडात चालवून बघावं. कॅथोडचा पृष्ठभाग पुन्हा जागा होतो आणि उजेड खरंच वाढतो. नळी उजळवणारी यंत्रं असतात, बी अँड के 467 हे त्यांतलं एक नावाजलेलं. ती हीटर जास्त तापवून कॅथोडमधून जबरदस्तीने प्रवाह काढतात, म्हणजे मेलेला वरचा थर उडतो आणि खालचा उघडा पडतो. काही नळ्या यातून वर्षानुवर्षं चालतात, काहींचा लेपच सुटतो, काहींमध्ये कॅथोड आणि ग्रिड कायमचे चिकटतात. वाचता येण्याजोगा उजेड असलेल्या नळीवर हा प्रयोग करू नये, असं माझं ठाम मत आहे. मंद नळी संध्याकाळच्या उजेडात वापरता येते, मेलेली नाही.

सपाट पडद्याच्या जुन्या यंत्रांची गोष्ट वेगळी, आणि तिथे पहिला प्रश्न असा की त्या पडद्याला मुळात स्वतःचा उजेड होता का? 1983चं टीआरएस-80 मॉडेल 100 किंवा 1989चं मॅकिंटॉश पोर्टेबल बाहेरच्या प्रकाशावरच वाचायचं असतं. पोर्टेबलला मागून उजेड 1991च्या आवृत्तीत आला. ज्यात मागे दिवा आहे, त्यात टॉर्च तिरका मारून बघावं. टॉर्चच्या उजेडात अक्षरं ठसठशीत दिसली तर दिवा किंवा त्याला उच्च व्होल्टेज देणारा इन्व्हर्टर गेला. टॉर्चमध्येही फिकटच राहिली तर दोष कॉन्ट्रास्टच्या व्होल्टेजचा, आणि तिथे छोटे पृष्ठभागी बसवलेले इलेक्ट्रोलिटिक हमखास गळलेले सापडतात. सोल्डरचा डाग देताना मासळीसारखा वास आला की खात्रीच पटते. जुने काढून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा आणि मगच नवे बसवावेत. एक सापळा इथे आहे. कॉन्ट्रास्टचा पुरवठा अनेकदा ऋण असतो, आणि ऋण पुरवठ्यावर कपॅसिटरचा धन पाय ग्राउंडला जातो. सवयीने उलटा बसवला की तो फुगतो. जुने काढण्याआधी फोटो काढून ठेवावा.

मागचा कोल्ड कॅथोड दिवा (बारीक ट्यूबलाइटसारखा) म्हातारा झाला की आधी गुलाबी पेटतो, मग सावकाश पांढरा होतो, टोकं काळवंडतात. इन्व्हर्टरला पुरवठा येतोय, फ्यूज शाबूत आहे, ब्राइटनेसच्या तारेवरचं व्होल्टेज नॉबबरोबर हलतंय, एवढं बघून मगच दिव्याला दोष द्यावा. पेटताना त्यावर हजार व्होल्टच्या आसपास असतात, म्हणून चालू यंत्रात तिथे बोट नको. नवा दिवा घेताना लांबी आणि व्यास दोन्ही मिलिमीटरमध्ये मोजावेत. नळीत थोडा पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडाव्यात आणि तुकडे झाडूने न ओढता ओल्या कागदाने टिपावेत. मागचे प्रकाश पसरवणारे पापुद्रे काढताना क्रम आणि कोणती बाजू वर, हे पेन्सिलीने कोपऱ्यात लिहून ठेवावं. उलटा बसलेला एक पापुद्रा नव्या दिव्याचाही उजेड गिळून टाकतो.

नळीच्या यंत्रात प्रीसेटला हात लावायची वेळ आता येते, सगळं दुरुस्त झाल्यावर. जुनी जागा मार्करने खुणावायची, प्लास्टिकचा पेचकस घ्यायचा, यंत्र अर्धा तास तापू द्यायचं. अंधारात ब्राइटनेसचा नॉब पूर्ण वर नेऊन कट-ऑफ इतकाच फिरवायचा की रास्टर जेमतेम दिसेल, आणि मग केसभर मागे, तो नाहीसा होईपर्यंत. परतीच्या तिरक्या रेघा दिसत असतील तर अजूनही जास्त आहे. त्यानंतर नॉब खाली आणत अक्षरं आरामात वाचता येतील तिथे थांबवायचा आणि मोजपट्टी पुन्हा पडद्याला लावायची.